दुपारचा अँप्लिफायर

२ नोव्हेंबर २००३, रविवार

ही वही ऑफिसची आहे. शिनोली भागातल्या विजेच्या खांबांचे नंबर लिहायला दिली होती. खांब लिहून संपले, अर्धी वही कोरी राहिली. उरलेल्या पानांवर माझं लिहितो. घरात कोणाशी बोलावं? आईला ऐकू येत नाही, यशोधराला ऐकायचं नसतं, आणि स्नेहा अकरावीला गेल्यापासून बापाचं ऐकणं तिला कमीपणाचं वाटतं.

तर काल आमच्या भीमगीतांच्या पार्टीची बैठक झाली. चांगदेवकाका गातात, एक ढोलकी, एक ऑर्गन, मागे दोघं कोरसला आणि गिटारवर मी. आज सोळा वर्षं मी. पोटासाठी वायरमन असलो तरी या भागात भीमगीताला इलेक्ट्रिक गिटार लावणारा पहिला माणूस मीच, हे कोणी कबूल करो न करो.

काका सगळ्यांदेखत म्हणाले, "रवी, जयंती झाली का मुंबईचा कॅसेटवाला आपलं रेकॉर्डिंग घेणार हाये. पर तुझा आवाज लई कोरडा लागतो रं. काळजाला भिडत न्हाई. काय तरी कर. न्हाई जमलं तर गिटारीचं काम ऑर्गनवर भागवू आपण."

ऑर्गनवर! सोळा वर्षांची मेहनत बटणावर भागवणार. ढोलकीवाला चहात बिस्कीट बुडवत होता.

दोष माझ्या हातात नाही, डब्यात आहे. माझा अँप्लिफायर ट्रान्झिस्टरचा, स्वस्तातला. त्यात बोट कितीही दाबा, आवाज येतो तसा जातो. पाच वर्षांपूर्वी पुण्याला एका कार्यक्रमात मुंबईचा एक गिटारवाला ऐकला होता. त्याचा अँप्लिफायर व्हॉल्वचा. म्हणजे आत काचेचे दिवे असतात, ते तापले की मगच आवाज निघतो. त्याने एक तार छेडली आणि ती मरेचना. गाणाऱ्याने हळूहळू श्वास सोडावा तशी सुटत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

मला तो आवाज पाहिजे. तो मिळाला तर कॅसेटवर मी असेन, नाहीतर सोळा वर्षं मातीत.

यशोधराला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." जेवलो नाही.

९ नोव्हेंबर

पुण्याला जाऊन आलो. दुकानात व्हॉल्वचा परदेशी अँप्लिफायर बघितला. पंधरा वॅटचा, टोपलीएवढा. किंमत अडतीस हजार. माझा पाच महिन्यांचा पगार. विकणाऱ्या पोराने माझ्या चपलांकडे बघितलं आणि दुसरा दाखवला. तो ट्रान्झिस्टरचाच, पण व्हॉल्वसारखा आवाज काढणारं बटण असलेला. वाजवून बघितला. नकली तो नकलीच.

परत निघालो तर बाहेर एक म्हातारा रेडिओ दुरुस्त करत बसलेला. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "कशाला नवा घेताय? गावाकडं जुन्या लाउडस्पीकरवाल्यांकडे व्हॉल्वचे सेट धूळ खात पडलेत. आतलं काम तेच असतं. गिटारीची पिन बसवा, कर्ण्याऐवजी चांगला बारा इंची स्पीकर लावा, झालं."

पुण्यात फक्त तो एक माणूस माझ्याशी माणसासारखा बोलला.

२३ नोव्हेंबर

मंचरला सोहनलालजींकडे गेलो होतो. बाजारपेठेत त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पूर्वी ते यात्रांतल्या तंबूतल्या सिनेमांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. स्नेहा बरोबर आली. तिला म्हणे वह्या घ्यायच्या होत्या, पण वह्यांच्या दुकानाकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

गोदामात दोन सेट निघाले. एक पन्नास वॅटचा, उचलायला दोन माणसं लागतील असा. दुसरा पंधरा वॅटचा, धाकटा. दोन्हींवर उंदरांनी संसार मांडलेला. सोहनलालजींनी दोन्ही चालू करून दाखवले. काचा लालसर झाल्या, घरघर आली, आणि मी नेलेल्या गिटारीचा आवाज त्या कांद्याच्या वासाच्या गोदामात असा भरला की हमालसुद्धा दारात थांबले.

"रविंद्रभाऊ, माझं ऐका, धाकटा घ्या," सोहनलालजी म्हणाले. "व्हॉल्वला दाबल्याशिवाय गोडी येत न्हाई. हा मोठा तुमी घरात दाबणार कसा? पत्रे उडतील. धाकटा निम्म्यात उघडतो."

स्नेहा लगेच, "पप्पा, धाकटाच घेऊ. त्याचा आवाज लवकर फुटतो."

मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि पन्नास वॅटचा घेतला. चारचौघांत गिटारवाला म्हणून उभं राहायचं तर मागे यंत्र तोलामोलाचं नको? ऑर्गनवाल्याचे खोके माझ्यापेक्षा उंच, आणि मी मागे टोपली घेऊन उभा राहू?

सोहनलालजी दुकानदार असून महागाचं घेऊ नका म्हणतात, यात काहीतरी गोम असणार. धाकटा जात नसेल त्यांचा. तरी देताना दोन गोष्टी बजावल्या. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास वरून हात लावायचा नाही, पत्रा तापलेला राहतो.

३० नोव्हेंबर

सेट बसवला. जुन्या प्लायचं खोकं केलं, त्यात स्पीकर. वायरींना कथलाचा डाग द्यायला स्नेहाला बसवलं, तिचे डोळे चांगले आहेत. मी बॅटरी धरली. काम म्हणजे तसं मीच केलं.

आई खोक्याला टेकून बसली. तिला पाच वर्षांत कानाने काही ऐकू आलेलं नाही, पण लाकडावर तळहात ठेवला की म्हणते, येतंय येतंय. आज हात ठेवून म्हणाली, "जड लागतंय रं. उचंबळत न्हाई."

सत्तर वर्षांच्या बहिऱ्या बाईनेसुद्धा मला शिकवायचं आता.

१४ डिसेंबर

पंधरा दिवस झाले, आवाज कोरडाच. संध्याकाळी होल्टेज एकशेसाठ. सगळ्यांचे दिवे, सगळ्यांचे टीव्ही, माझ्या व्हॉल्वला काय मिळणार? लोक मला शिव्या देतात लाइटीवरून. मी कोणाला देऊ?

स्नेहा पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "होल्टेजचं नाही पप्पा. तुम्ही आवाजाचं बटण दोनवर ठेवता. सातच्या पुढे नेल्याशिवाय तो सेट उघडत नाही. आणि बोट तारेवर जरा थांबवायचं, लगेच उचलायचं नाही."

म्हणालो, "पुस्तकात बघ."

चौथीत असताना ही गिटार शिकव म्हणून मागे लागली होती. हात लहान आहेत, मोठी झाली की बघू म्हणालो होतो. नंतर तिने विचारलं नाही, मी पण काढलं नाही.

१७ डिसेंबर

चांगदेवकाकांना आज सांगितलं की माझा एक शोध आहे. व्हॉल्वचा सेट सातच्या पुढे नेल्याशिवाय उघडत नाही. काका म्हणाले, "मग ने की."

संध्याकाळी नेला. दहाव्या मिनिटाला शेजारचा भिमाजी दारात. "रवीभाऊ, पाया पडतो, म्हस पान्हवंना राव. धारंच्या टायमाला तेवढं नको." बटण परत दोनवर.

८ जानेवारी २००४

एक गोष्ट कळत नाही. आज पाचला घरी आलो, बॅग अँप्लिफायरवर ठेवली, तर पत्रा गरम. चांगला गरम. मी काल रात्रीनंतर लावलेला नाही.

यशोधराला विचारलं. म्हणाली, "ऊन येतं की खिडकीतून." ती खिडकी उत्तरेची आहे.

आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून बोळक्या तोंडाने हसली. "आज दुपारच्याला लई ग्वाड वाजवलंस रं. मी हात ठिवून बसले व्हते. रडू आलं मला."

मी दुपारी घोडेगावला ट्रान्सफॉर्मरवर होतो. आईचं आता वय झालं. कालचं आज वाटतं तिला. पण माझं वाजवणं तिच्या मनात इतकं राहिलंय, याचं बरं वाटलं.

२० जानेवारी

आनंदाची गोष्ट. ही वही सुरू केल्यापासून पहिली.

चांगदेवकाका स्वतः घरी आले. दारातच मिठी. "जय भीम! अरे गड्या, काल दुपारी भीमाशंकरहून येताना तुझ्या वस्तीखाली गाडी पंचर झाली. वर तू वाजवत व्हतास. चाक बसलं तरी मी हाललो न्हाई. सोळा वर्षं कुठं लपवून ठिवलं व्हतंस हे? तुझं नाव मी कॅसेटवाल्याला कळवलं. गिटार, रविंद्र रोकडे. कव्हरवर छापणार."

काल दुपारी मी ऑफिसात मीटिंगला होतो. काकांचा वार चुकला असेल, रविवारी ऐकलं असेल. रविवारी मी सकाळी वाजवलं होतं, पण पंचर काढायला वेळ लागतो, माणसाला दुपार वाटते.

काका बोलत होते तेव्हा स्नेहा चहा घेऊन आली होती. कप ठेवताना चहा बशीत सांडला. यशोधरा चुलीपाशी पाठ करून उभी होती, वळली नाही. नवऱ्याचं कौतुक ऐकायचीही यांना सवय नाही.

३ फेब्रुवारी

लिहू की नको, असं झालंय. पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दुपारी आमच्याच वस्तीच्या वरच्या अंगाला खांबावर चढलो होतो. तारेखालचा चिनी मातीचा कप निसटला होता. वरची लाइन बंद केली होती, खालची चालू होती. पट्टा बांधून हातात पाना घेतला आणि खालून आवाज आला.

लिहितो तसंच लिहितो. पहिल्यांदा मला वाटलं मीच वाजवतोय. म्हणजे मी मनात जसा वाजतो, तसा. पुण्याच्या त्या गिटारवाल्यासारखी तार सुटत होती, मरत नव्हती. आमचं नेहमीचंच गाणं, दुसऱ्या कडव्याच्या आधी मी जिथे घाई करतो, तिथे बोट थांबलं. थांबलं आणि मग सुटलं. खांबावर मला हुंदका आला. सगळा शेतात गेलेला गाव, रिकामी वस्ती, आणि तो आवाज.

मग कळलं, घर कोणाचं आहे ते. घरात त्या वेळी कोण असतं ते पण कळलं. कॉलेज सकाळचं.

खाली उतरलो. घरी गेलो नाही. काम पुरं न करताच ऑफिसला गेलो.

इतके दिवस कळलं नाही, असं नाही. आठ जानेवारीला पत्र्यावर हात ठेवला तेव्हाच कुठेतरी कळलं होतं. न कळल्यासारखं करायला मी फार कष्ट घेतले.

४ फेब्रुवारी

सकाळी कामावर निघताना मीटरखालचा फ्यूज काढून खिशात टाकला.

व्हॉल्वना आयुष्य मोजून असतं. गेले तर आणायचे कुठून? तिची परीक्षा पण जवळ आलीय. रेकॉर्डिंगपर्यंत सेट जपायला पाहिजे. ही सगळी कारणं खरी आहेत.

संध्याकाळी येऊन फ्यूज परत बसवला. म्हणालो, केबलमध्ये फॉल्ट आहे, दिवसा जातेय लाइट, सवड मिळाली की बघतो. पत्रा गार होता.

१२ फेब्रुवारी

रोज फ्यूज खिशात. चिनी मातीचा तुकडा, सायकल मारताना मांडीला लागतो.

यशोधरा आज म्हणाली, "साऱ्या वस्तीत लाइट हाये, वायरमनच्याच घरात न्हाई. लोक इचारत्यात."

म्हणालो, "विचारू दे."

ती म्हणाली, "तुमी तिला एकदा बसवून ऐकलं असतं ना, तर ह्ये सगळं करावं लागलं नसतं." मग बराच वेळ भांडी घासत राहिली.

म्हणजे तिलाही सगळं माहीत आहे. फ्यूजचंसुद्धा. जेवताना स्नेहाने मला भाजी वाढली, पण ताटाकडेच बघत.

मी रोज रात्री सराव करतो. बोट थांबवायचं, लगेच उचलायचं नाही. थांबवतो. नुसतं थांबतं, सुटत काहीच नाही.

२५ फेब्रुवारी

उद्या पुण्याचं पथक आकडे पकडायला येणार. तारेवर आकडा टाकून वीज ओढणाऱ्यांना या खेपेला सोडायचं नाही, असं वरून आलंय. नवीन कायदा, थेट गुन्हा.

आमच्यात रीत आहे. पथक येणार असलं की वायरमन आदल्या दिवशी वस्तीवर फिरतो, काही बोलत नाही, फक्त म्हणतो, "उद्या पावणं येणार हायेत." सगळे समजतात. संध्याकाळपर्यंत तारा साफ. पथकाला काही सापडत नाही, वायरमनला गावात राहता येतं. उद्या मला याच लोकांत खांबावर चढायचं असतं.

शिनोलीपासून खाली सगळ्या वस्त्यांवर फिरलो. भिमाजीला सांगितलं, त्याच्या भावाला सांगितलं, वरच्या अंगाच्या सावळेरामला सांगितलं. पाय दुखतायत.

२६ फेब्रुवारी

जीप दुपारी दीडला आमच्या वस्तीवर आली. पुढे साहेब, मागे दोन हवालदार आणि मी, खांब दाखवायला. तारा लख्ख. साहेब वैतागलेले.

वळण घेतलं आणि आवाज आला.

जीप थांबली. साहेबांनी चष्मा काढला. "कोण वाजवतंय हो? छानच."

माझं घर. आणि लाइनवरून माझ्या घराच्या खिडकीत गेलेली काळी वायर, टोकाला आकडा. पंचक्रोशीत तेवढा एकच. बाकी सगळ्यांना मी सांगितलं होतं. माझ्या घरात पावणे येणार हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. वायरमनच्या घराला काय सांगायचं?

एकच तार टाकली होती तिने. मी फ्यूज काढला तो फेजचा, न्यूट्रल घरात होतीच. एवढं डोकं लावायला कोणी शिकवलं? मीच. सातवीत असताना हातात टेस्टर दिला होता, कौतुकाने. तारही माझ्याच घरातली. जप्त केलेल्या आकड्यांचं पोतं मागच्या पडवीत पडलेलं असतं. बांबू पण माझाच.

साहेब वर बघत म्हणाले, "रोकडे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" मग दाराकडे गेले. "वाजवतंय कोण पण?"

स्नेहा दारात आली होती. गळ्यात गिटार. आत अँप्लिफायर अजून गुणगुणत होता.

मी म्हणालो, "कोणी नाही साहेब. टेप लागलीय."

साहेबांनी तिच्या गळ्यातल्या गिटारीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चष्मा परत लावला. स्नेहाने पट्टा डोक्यावरून काढला. गिटार भिंतीला लावून ठेवली आणि आत गेली.

आकडा मी टाकला, असा जबाब लिहून दिला. खाली सही केली.

१ मार्च

निलंबन. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं.

सगळी वस्ती येऊन गेली. भिमाजी म्हणाला, "रवीभाऊ, पोरीच्या अंगावर येऊ नये म्हणून तुमी छातीवर घेतलं. बाप असावा तर असा." ढोलकीवाला पण हेच म्हणाला. चांगदेवकाकांनी पाठीवर हात ठेवला. पोरीला तार टाकताना वस्तीने बघितलं होतं, एवढंच. आकडा कशासाठी होता, हे कोणालाच माहीत नाही.

इथे खरं लिहितो. सही करताना स्नेहा माझ्या डोक्यात नव्हती. साहेब तिचा जबाब घेणार, ती सांगणार आकडा कशाला टाकला, कोण वाजवत होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते काकांच्या कानावर जाणार, एवढंच डोक्यात होतं. नोकरी गेली तरी चालेल, पण कव्हरवरचं नाव राहू दे, असं मला त्या क्षणी वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं.

१८ मार्च

दिवसभर घरी. फ्यूज जागेवर आहे, लाइट आहे, होल्टेज दोनशे वीस. दुपारी भिमाजीची म्हैस रानात असते. बटण सातवर न्यायला कोणाची हरकत नाही.

नेलं. माझाच आवाज, फक्त मोठा.

स्नेहा कॉलेजातून येते, जेवते, पुस्तक घेऊन ओट्यावर बसते. त्या खोलीत येत नाही.

१४ एप्रिल

जयंती. मंचरला कार्यक्रम झाला. मागे पन्नास वॅटचा सेट, लोक येऊन हात लावून बघत होते. वाजवलं कसं, ते कोणी बोललं नाही.

२५ एप्रिल

रेकॉर्डिंग झालं. पुण्यात, एका बंगल्याच्या खालच्या खोलीत, भिंतींना सतरंज्या लावलेल्या. मुंबईचा माणूस सेट बघून खूष. "ये तो असली चीज है," म्हणाला. मग मी वाजवलं. त्याने तीनदा परत वाजवायला लावलं आणि नंतर लावायचं बंद केलं.

काकांनी मला बाहेर नेलं. "रवी, त्या दुपारचं वाजव की रं. पंचरच्या दिवशीचं. मी ह्या लोकांना तेच सांगून आणलंय."

मी म्हणालो, "काका, मन ठिकाणावर नाही. नोकरीचं टेन्शन आहे."

"व्हय रं बाबा," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत दया होती. सांगायला तेवढीच वेळ होती. त्या दुपारी मी नव्हतो, माझी पोरगी होती, तिला फोन करा, दोन तासांत एसटीने येईल. एवढंच वाक्य. ओठापर्यंत आलं होतं. आत ऑर्गनवाला माझ्या जागा भरायला लागला आणि मी ते ऐकत उभा राहिलो.

२ मे

कॅसेट आली. चांगदेवकाकांनी स्वतः आणून दिली. कव्हरवर सगळ्यांची नावं. गिटार, रविंद्र रोकडे. यशोधराने ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि मला परत दिली.

लावून ऐकली. दोन्ही बाजू. गिटार कुठेच नाही. फक्त एका गाण्यात, शेवटी, एक तार लागून गेल्यासारखी वाटते. ती ऑर्गनची पण असेल.

दुपारी ऊन कलल्यावर आई शेजारी येऊन बसली. खोक्यावर हात ठेवला, वाट बघितली. मग म्हणाली, "दुपारचं वाजवायचं का सोडलंस रं? कामाला जायचास तवा रोज वाजवायचास. आता घरी हायेस तर वाजवत न्हाईस."

मला राहवलं नाही. सेट चालू केला. काचा लाल होईपर्यंत थांबलो. गिटार उचलली आणि ओट्यावर गेलो. स्नेहापुढे धरली.

"वाजव," म्हणालो. "आजीसाठी." मग म्हणालो, "माझ्यासाठी पण."

तिने वर बघितलं. राग नव्हता, रडणं नव्हतं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"टेप तुटली पप्पा," ती म्हणाली आणि पान उलटलं.

गिटार घेऊन आत आलो. खाली बसलो. आई अजून तिथेच होती. तिने हात लाकडावरून उचलून वरच्या पत्र्यावर ठेवला, चटका बसला तसा काढला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तापलाय की चांगला," म्हणाली. "मंग वाजत का न्हाई?"